समोरच्या दाराचा राखणदार

किल्ली हातात असायची, तरी आमचे समोरचे शेजारी आधी स्वतःच्याच दारावर बोटानं टकटक करायचे. आत कोणी नसायचं, एकटेच राहायचे ते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माय फ्रेंड, आपलीच माणसं असली तरी सांगून आत जावं."

आपली माणसं म्हणजे दारावर चिकटवलेलं चित्र. दुबईच्या बर दुबई भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते अगदी समोर राहत आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर पुलांची ड्रॉइंग्ज काढत. मूळचे मलेशियातल्या पेनांगचे चिनी, ताओ पंथाचे. चित्रातला दाढीवाला सेनापती चिलखत घालून, पट्ट्यावर वाघाचं तोंड मिरवत उभा. गोष्ट अशी, की एका राजाला भुतांमुळे झोप लागेना, म्हणून दोन सेनापती त्याच्या दारात पहारा देऊ लागले. पुढं राजाला त्यांचीच दया आली. त्यानं दोघांची चित्रं दारावर लावली आणि त्यांना घरी झोपायला पाठवलं.

"म्हणजे आपले जय-विजयच की!" माझी बायको म्हणाली आणि खूश होऊन तिनं त्यांना दुसरा चहा दिला.

पण सेनापती दोन आणि फ्लॅटच्या दाराला झडप एकच. दुसरा बिचारा गुंडाळी होऊन कपाटात पडला होता.

मंदी आली तशी आमच्या मजल्यावरची घरं एकेक करून बंद झाली. माणसं निरोपही न घेता जायची. खाली पार्किंगमध्ये सोडून दिलेल्या गाड्यांवर धूळ साचत गेली. तुम्ही म्हणाल, त्यात काय घाबरायचं? पण त्या पॅसेजमधून जाताना मला भीती वाटायची. एका शुक्रवारी ते गुंडाळी घेऊन आले. "एकट्याला पहाऱ्यावर डुलकी लागते. दोघांनी एकमेकांकडे बघत राहावं लागतं. तुमच्या दारावर लावू?" बिल्डिंगचा वॉचमन कुरकुरला, पण त्याचं ऐकायला मजल्यावर उरलं होतं कोण? तेव्हापासून ते आपलं दार वाजवून झालं की वळून आमच्या दारालाही मान लववायचे.

त्यांची बायको पेनांगला असायची. तिचा व्हिसा आला होता, पण ऑफिसची अवस्था बघून यांनीच कळवलं, "इथलं जरा सावरू दे, मग ये." ती थांबली आणि तिथंच अचानक गेली.

अंत्यविधी उरकून ते परतले, त्या दिवशी टकटक ऐकू आली नाही. मी दार उघडलं. ते आपल्या सेनापतीवर पांढरा कागद चिकटवत होते. त्यांच्यात मृत्यू झाला की द्वारपालांचे डोळे झाकतात, म्हणजे गेलेल्या माणसाला घरात येता येतं. सुतक संपलं की कागद काढायचा.

"ती या घरी कधी आलीच नाही," ते म्हणाले. "हे दोघं तिला ओळखत नाहीत. परकी समजून अडवतील." मग त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. हातात अजून एक पांढरा कागद होता.

माझी बायको मांजर आडवं गेलं तरी टॅक्सी थांबवणारी. आपल्या दारावर सुतकाचा कागद? ती आत गेली आणि चिकटपट्टी घेऊन आली. "अहो, येऊ दे त्यांना. बाईला स्वतःच्या घरी कोण अडवणार?"

तेवढ्यात त्यांचीही नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल, सुतक संपायच्या आत देश सोडायचा. लिफ्टपाशी त्यांनी माझा हात धरला. "सुतक संपलं की फोन करीन. तोवर कागद राहू द्या." लिफ्ट खाली गेली आणि मला रडू आलं.

फोन आला नाही. मी लावला, तर नंबर बंद. समोरचं दार वॉचमननं खरवडून रंगवलं, नवे भाडेकरू आले. काही वर्षांनी आमचं दार रंगवायला माणसं आली. कागद पिवळा पडला होता. बायको दारात आडवी उभी राहिली. "भैया, ये रहने दो. उनका फोन नहीं आया अभी."

अलीकडे आमच्या मजल्यावर लिफ्ट आपोआप थांबते. उघडते, आत कोणी नसतं. वॉचमन म्हणतो, "सेन्सर खराब है, साब." असेलही. बायको मात्र हातातलं काम टाकून उठते आणि आमचं दार उघडून उभी राहते.

"समोर आता परकी माणसं," ती म्हणते. "तिनं जायचं कुठं?"