आईचा आमेन

आमच्या प्रार्थनाघरात सगळ्यात मोठा आमेन आईचा. डफली तिच्या हातात, त्यामुळे आमेनसोबत एक थापही पडते. पास्टर नुसते श्वास घ्यायला थांबले तरी आई आमेन म्हणून मोकळी. चिचगडकडच्या आमच्या गावात विश्वासी घरं मोजकीच, पण मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांना जंगलात ऐकू जातं, रविवार सुरू झाला म्हणून.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी एका रविवारी पास्टरांनी एका उमेदवाराला आणलं. कडक पांढरे कपडे, आणि चपला कुठे काढाव्या ते न कळल्यामुळे हातातच धरलेल्या. प्रार्थनाघराला कंपाउंड बांधून देतो म्हणाला. पास्टरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, या भावाला विजय दे. इथलं एकेक मत याच्याकडे वळव."

आमेन. थाप.

घरी आल्यावर आई चुलीपुढे नुसती बसून राहिली.

"काय झालं वो?"

"मले त्या बाईले मत द्यायचं होतं."

ती बाई म्हणजे समोरची उमेदवार, शेजारच्या गावची. मावशी बाळंतपणात अडली तेव्हा तिनंच आपली गाडी काढून तिला देवरीच्या दवाखान्यात नेलं होतं. मावशी वाचली, बाळ वाचलं. आईचं मत तिथेच ठरलं होतं.

"मंग दे ना तिले."

"कशी देऊ? देवासमोर आमेन म्हटलं ना मी. शब्द गेला."

"काऊन म्हटलं मंग?"

"तोंडाले सवय आहे."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, तेही राज्यशास्त्र घेऊन. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. मी मताधिकार काढला, घटना काढली, हातवारे करून समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सरकारचं झालं. देवाचं काय?" याच्यावर आमच्या सरांनी नोट्स दिल्या नव्हत्या. बाबा खाटेवरून म्हणाले, "कॉलेजात आमेन नाही शिकवत काय?"

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. साक्ष म्हणजे त्या आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाचा बैल सापडलेला असतो. मी म्हटलं, "त्या भावासाठी प्रार्थना केली, चांगलं केलं. पण प्रार्थना म्हणजे देवाजवळ मागणं. आपण त्या भावाले वचन नाही दिलं. मत ज्याचं त्याचं आहे."

पास्टरांच्या विरोधात तिथे कुणी उभं राहत नाही.

"सिस्टर," पास्टर म्हणाले, "ती बाई नारळ फोडते."

"तुम्ही डोक्यावर हात ठेवला त्या ब्रदरनं बी काल देवरीत फोडला. मी स्टँडवरच होती. खोबरं मले बी भेटलं."

मागच्या चटईवर कुणीतरी फिस्सकन हसलं. पास्टर माणूस चांगला. पण उपदेश चालू असताना बकऱ्या आत येतात, म्हणून कंपाउंडवर त्यांचा फार जीव. त्यांनी सरळ हात वर केले. "डोळे मिटा. प्रभू, आमच्या या मुलीच्या डोक्यातला कॉलेजचा गर्व काढून टाक."

आमेन. थाप. सगळ्यात मोठा आवाज माझ्या सख्ख्या आईचा.

मला हसू दाबवेना. पण आमच्यात एक रीत आहे. डोळे मिटलेले असेपर्यंत ज्याला आतून वाटेल त्यानं प्रार्थना पुढे न्यायची, आणि मध्ये कुणी अडवायचं नाही. मी पुढे नेली. "आणि प्रभू, इथल्या प्रत्येकाले मोकळं कर. ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं मत द्यावं."

आमेन, म्हणालं सगळं प्रार्थनाघर. आणि त्यात पास्टरांचा खर्जातला आमेन स्वच्छ, वेगळा ऐकू आला.

मी डोळे उघडले. आईनं एकच उघडला होता, आणि तो पास्टरांवर. पास्टरांचं तोंड अजून अर्धं उघडंच. मग डफलीच्या चकत्या किणकिणायला लागल्या, कारण आईचे हात हसण्यानं हलत होते. मग मागची चटई हसत सुटली, मग बाया. पास्टरांनी भिंतीकडे तोंड केलं, पण पाठ गदगदत होती ती सगळ्यांना दिसली.

"पास्टर, तुम्ही बी म्हटलं ना?" आईनं विचारलं.

"म्हटलं बाई."

"मंग मी सुटली?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "सुटलात. पण कंपाउंड नाही झालं तर बकऱ्या तुम्ही हाकलायच्या."

मला वाटलं, झालं, अख्खी मंडळी फिरवली मी. मतदानाच्या दिवशी छाती काढून चालत होते. बाबा केंद्रातून बाहेर आले आणि म्हणाले, "मी ब्रदरलेच दिलं. कंपाउंड पाहिजे ना. तूच तर म्हणे, अक्कल चालवा." बाकीच्यांनीही बहुतेक तसंच केलं असावं. एका साक्षीनं माणसं पक्ष बदलतात, असं मी आता छातीठोक म्हणत नाही. पण त्या निवडणुकीत प्रार्थनाघराच्या अंगणात पहिल्यांदाच मतावरून भांडणं झाली. आधी नुसता आमेन असायचा. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

आई बाहेर आली ती शाईचं बोट वर धरूनच. "बाईले दिलं," तिनं सगळ्या रांगेला सांगितलं.

दारावरचा पोलीस म्हणाला, "मौसी, ऐसा बताने का नहीं."

"कायले नाही?" आई म्हणाली, आणि घरी न येता मावशीकडे निघाली, बाळाला बोट दाखवायला.