तांबडं पागोटं

त्या दुष्काळात विजेच्या तारा तपासायला आम्ही आष्टीकडे हेलिकॉप्टर अगदी खालून उडवायचो. वैमानिकाशेजारी बसून पुढची तार वेळेत ओळखायची, हे माझं काम. मुक्काम बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या मैदानात.

तिथे तांबड्या पागोट्याचा एक म्हातारा मेंढपाळ यायचा. मेंढ्यांपेक्षा आमच्याकडेच जास्त बघायचा. एकदा म्हणाला, "तार दिसती का वरून?"

"नाही. खांब दिसला की तार आहे असं समजायचं."

गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "तळ्यावरल्या तारंचे खांब बाभळीत दडल्यात. उपसा सोसायटीच्या पंपाची जुनी तार हाय. पाखरं बी धडकत्यात तिला."

मी नकाशा पाहिला. त्यात तशी तार नव्हती, म्हणून मी ते विसरून गेलो.

दुसऱ्या सकाळी आटलेल्या तळ्यावरून धुरकट उन्हात आम्ही स्वप्नात असल्यासारखे चाललो होतो. समोर तांबड्या चिंध्या नुसत्या हवेत लोंबत होत्या. प्रत्येकीच्या टोकाला दगड बांधलेला. वैमानिकाने हेलिकॉप्टर झटकन वर घेतलं.

तार मला शेवटपर्यंत दिसली नाही. खाली मेंढ्यांमध्ये, हातात गोफण घेतलेल्या त्या म्हाताऱ्याचं उघडं, पांढरं डोकं मात्र लांबपर्यंत दिसत राहिलं.