दम है?

झेंडूचा वास आला की हिंदी मुलखातल्या थाटीपुरातली ती बाग आठवते. आत्याला धुळीने, फुलांनी दमा उठायचा. डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलं होतं आणि हळूहळू तिला पंप खरंच कमी लागू लागला होता. त्या सकाळी मात्र बागेत ‘स्वास्थ्य पदयात्रे’चं उद्घाटन होतं, तासभर भाषणंच चालली, पाऊल कुणीच टाकलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी आत्याला विचारलं, “माताजी, दम है?” तिने ते मराठीत ऐकलं. “है ना, चालीस साल से!” टाळ्या पडल्या. खूश होऊन पाहुण्यांनी आपला झेंडूचा हार तिच्या गळ्यात घातला आणि तिचा श्वास अडकला. पंप ओढून बाकावर टेकल्यावर ती म्हणाली, “चालून नाही रे, सत्काराने मेले असते.” आता दमा मलाही आहे, पंप माझ्या खिशात असतो. थकतो, तरी रोज चालतो. दुरून हार दिसले की वाट बदलतो.