लंकेला जाण्याआधीचे बावन्न प्रश्न

नागरत्नाबाईंना प्रश्न विचारायची खोड जन्मापासूनची, आणि नोकरीने तिला खतपाणी घातलं. म्हैसूरच्या एका मुलींच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं रसायनाची प्रयोगशाळा सांभाळली. दर जूनमध्ये नव्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी दम भरत, की लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, मग आत साधं पाणी का असेना. निवृत्तीनंतर बाटल्या सुटल्या, खोड सुटली नाही. जयलक्ष्मीपुरममधल्या भाजीवाल्याला त्या विचारत, भेंडी कुठली? सरगूरची म्हटलं, की कुणाच्या मळ्यातली? तो बिचारा हल्ली त्यांना लांबून पाहिलं, की गावासकट मालकाचं नाव आपणहूनच सांगून टाकी.

यजमान व्यासराज येत्या एप्रिलमध्ये ऐंशीचे होणार होते. मुलगा संकर्षण म्हणाला, अण्णा, काय हवं ते मागा. अण्णांनी उभ्या आयुष्यात कधी दुसऱ्यांदा भातसुद्धा मागितला नव्हता. ते म्हणाले, परदेशातला समुद्र बघायचा, सगळ्यांनी मिळून. एवढ्या मोठ्या मागणीने घर जरा गडबडलंच. शेवटी जवळची म्हणून श्रीलंका ठरली. मारुतीने एका उडीत केलं त्याला बंगळूरहून विमान दीड तास घेतं, हे ऐकून अण्णांनी विमानाला नावं ठेवली.

खरी अडचण अंतराची नव्हती, ताटाची होती. नऊ वर्षांची नात शरण्या हिला गहू चालत नव्हता. आवडत नाही म्हणून नव्हे. कणकेला ज्याने ताण येतो ते ग्लूटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही, असं दोन वर्षांपूर्वी निदान झालं होतं. त्या दिवसापासून नागरत्नाबाईंनी घरातून गव्हाचा दाणा हद्दपार केला. पोळीच्या जागी भाकरी आली, नाचणीच्या उकडलेल्या पिठाचे गोळे, म्हणजे मुद्दे, आले. मठातला शिऱ्याचा प्रसाद डोळ्यांना लावून परस्पर शेजारी जाऊ लागला. दुकानात भिंग काढून त्या पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचत आणि मागे रांग वाढली तरी ढिम्म हलत नसत. या घरात कांदा-लसूण पिढ्यान्‌पिढ्या शिरलेला नाही. हिंग, कढीलिंब आणि नारळ यांच्यावरच सगळी चव. माझं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा, असं त्या अभिमानाने सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

तरीही ग्लूटेन पोटात गेलं की चढणारा शरण्याच्या रक्तातला आकडा, वर्षभर भराभरा उतरलेला, मध्येच अडून बसला. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी थोडंसं आत जातंय. झालं, सगळ्यांचे डोळे पोरीकडे वळले. सून मृण्मयी पुण्याची, शिस्तीची. ती रोज दप्तर तपासू लागली. वर्गातल्या पूजिताच्या वाढदिवसाहून शरण्या परत आली तेव्हा तर नागरत्नाबाईंनी स्वतः तिची बोटं हुंगली होती. व्हॅनिलाचा वास आला. मी फक्त बशा भरल्या, खाल्लं नाही, असं पोरगी तीनदा म्हणाली. आईने तिचं वाढदिवसांना जाणं बंद केलं, आणि बजावलं, की आकडा खाली आल्याशिवाय लंका नाही. घरात सांभाळता येत नाही ते परक्या मुलखात कोण सांभाळणार? शरण्या त्यानंतर घरात बोलेनाशी झाली. विचारलं तेवढं सांगायची. अण्णांनी समुद्राचं नाव काढणं सोडलं.

नागरत्नाबाईंनी मात्र वही उघडली. आकडा उतरेल तेव्हा उतरेल, तयारी झालेली असावी. समुद्रकाठी एक छोटं घरगुती अतिथीगृह त्यांनी फोनवर शोधून काढलं होतं, तिथली मालकीण स्वतःच रांधायची. तिला त्यांनी इंग्रजीत प्रश्न पाठवायला सुरुवात केली. तुमचे आप्पे कशाचे? आमच्यासारखे लहान, गोल की डोशाएवढे? तांदूळ कुठला? शेवयांच्या पिठात काही मिसळता का? पापड आणि पुऱ्या एकाच तेलात तळता का? पाटा धुता कशाने? त्या बाईचाही स्वभाव असाच असावा. तिने कळवलं, की आप्प्यांना नारळाचं दूध लागतं, शेवयांत काही जण मैदा घालतात पण ती घालत नाही, आणि सोया सॉसमध्ये गहू असतो हे पाहुण्यांना सहसा माहीत नसतं. नागरत्नाबाईंना हे माहीत नव्हतं. त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या, की भाजी करपली. असे बावन्न प्रश्न झाले. शेवटी त्यांनी लिहिलं, की सांबाराची पूड आणि हिंग मी घरूनच आणीन, तुम्हाला तोशीस नको.

त्यावर तिकडून उलटा एकच प्रश्न आला. तुमच्या हिंगात गहू आहे का? बऱ्याच हिंगांत असतो. असल्यास माझ्या स्वयंपाकघरात तो नको.

नागरत्नाबाई हसल्या. हिंगात गहू? मग उठून त्यांनी फळीवरची पितळी डबी काढली. आत नेहमीचा तपकिरी खडा. वास नेहमीचा. भिंग घेतलं, आणि हातातच राहिलं, कारण वाचायला काही नव्हतंच. हा हिंग सासूबाईंच्या काळापासून लष्कर मोहल्ल्यातल्या भुजंगरावांकडून कागदात बांधून येई आणि थेट डबीत पडे. भेंडीचा मळा विचारणाऱ्या बाईने पन्नास वर्षांत हिंगाला एक प्रश्न विचारला नव्हता.

दुपारच्या उन्हात त्या रिक्षा करून लष्कर मोहल्ल्यात गेल्या. भुजंगराव गादीवर पेंगत होते. प्रश्न ऐकून त्यांना नवल वाटलं, अपराधी मुळीच वाटलं नाही. त्यांनी आतून एक करडा, ओलसर गोळा आणला, त्यातला मोहरीएवढा तुकडा नागरत्नाबाईंच्या बोटांवर चिकटवला आणि म्हणाले, हुंगा. डोळ्यांत पाणी आलं.

“हा खरा हिंग, अक्का. असाच कोण खाणार? मैदा आणि डिंक घालून मळायचा, तेव्हा कुठे तो माणसांत येतो. सगळ्या पेठेला ठाऊक आहे हे.”

“मग मला कधी सांगितलं नाही तुम्ही?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

बिनमैद्याचा, तांदळाच्या पिठातला हिंग मळून देता येईल, असंही ते म्हणाले, पण नागरत्नाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. वरणात हिंग, ताकात हिंग, पोरीचं पोट दुखलं तर बेंबीवर लावायला हिंग आणि वर गरम पाण्यातून चिमूटभर पोटात. दोन वर्षं त्या स्वतःच्या हाताने तिला गहू चारत होत्या. पोट दुखलं, की जरा जास्तच.

परतताना रिक्षात सैतानाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. डबी फेकून दे, नवा हिंग आण, सुम्ने, मुकाट बस. तीन-चार महिन्यांत आकडा आपसूक उतरेल, कुणाला कळायचंही नाही. विचार वाईट नव्हता. पण मग घर काय म्हणेल? बघा, दप्तर तपासायला लागलो आणि चोरून खाणं थांबलं. पोरगी जन्मभर चोर ठरेल, आणि तीही आजीच्या जागी. हे त्यांना सोसेना. घरी जाऊन तीनदा साबणाने हात धुतले. हिंग काही बोटं सोडेना.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा त्यांनी ती पितळी डबी ताटांच्या मधोमध ठेवली.

“हिच्यात मैदा आहे,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीपासून. मी विचारलं नाही, अष्टे, एवढंच. शरण्याने काही खाल्लेलं नाही. मी खायला घातलंय.”

कुणी घास उचलला नाही. मृण्मयीच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो सासूवर जायला निघाला आणि मध्येच कुठेतरी स्वतःकडे वळला; दप्तर रोज तिनेच तर उपसलं होतं. तिने डबी उघडून पाहिली, झाकण लावलं आणि इतकंच म्हणाली, की आई, मी तरी कुठे विचारलं. संकर्षण ताटाकडे बघत बसला. अण्णा म्हणाले, एप्रिल नाही तर दसऱ्याला जाऊ. सगळं जग म्हैसूरला येईल तेव्हा आपण समुद्रावर असू.

मग शरण्याने आजीला विचारलं, “तू माझी बोटं हुंगलीस, तेव्हा तुला काय वाटलं होतं?”

बावन्न प्रश्न विचारणाऱ्या बाईला या एकाचं उत्तर देताना घाम फुटला. “तू खाल्लंस, असं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.”

पोरगी उठली, ताटांना वळसा घालून आजीजवळ आली आणि तिचा उजवा हात उचलून नाकाशी नेला. आजीने केलं होतं अगदी तसंच, एकेक बोट सावकाश हुंगलं. मग नाक मुरडून तिने सगळ्यांकडे पाहिलं.

“सापडला चोर,” ती म्हणाली, आणि किती महिन्यांनी कोण जाणे, खदखदून हसली. नागरत्नाबाईंना रडू आवरेना, पण पोरीने हात धरून ठेवला होता, त्यामुळे डोळे डाव्या हाताने पुसावे लागले.