गोगलगायींची नजर

दीपमालाला आई लहानपणापासून ‘भिंगरी’ म्हणायची, आणि तिला नोकरी मिळाली ती गोगलगायी सांभाळण्याची! नशीब कुणाची कशी थट्टा करील, सांगता येत नाही. वाशीमहून ती पुण्याला शिकायला आली, शिकून वाघोलीच्या एका खोलीतच राहिली आणि एका संशोधन संस्थेत चिकटली. तिथल्या काचेच्या पेटीत नखाएवढ्या दोन गोगलगायी होत्या. भर समुद्रातल्या एका बेटाखेरीज ही जात कुठेच होत नाही, आणि आता बेटावरही दिसेनाशी झालेली. वंश टिकायचा तर या जोडीवरच.

संस्थेत वायरिंगचं काम निघालं. वीज बंद, त्यात उन्हाळा. सरांना विचारून दीपमालाने पेटी खोलीवर आणली, आणि आणल्यापासून दोघींनी खाणंच टाकलं. झालं! भिंगरीला कुठली उसंत? पाणी फवार, पान बदल, पंखा लाव, पंखा बंद कर. ताटावर बसली तरी सगळं चित्त पेटीत.

तिची आई, सुशीलाबाई, गावाहून राहायला आलेली. न राहवून म्हणाली, “काहून अशी येरझारा घालून राहिली व?”

“आई, ह्या मेल्या तर संपलं गं. जगात दुसऱ्या नाहीत.”

एकुलत्या एका लेकीच्या आईला याहून जास्त काय सांगायचं?

दीपमाला कोवळा पाला आणायला खाली उतरली. परतली तर जिन्यातच जळक्या मोहरीचा वास. दारात आई हसत उभी.

“नजर लागली होती त्याइले. उतरवली म्या. पाह्य, तोंडाले फेस आला, भूक लागली वाट्टे!”

पेटीला झाकण जाळीचं. त्यावरून मूठभर मीठमोहरी ओवाळताना मीठ खाली सांडलं होतं. गोगलगायीला मीठ म्हणजे निखारा. दीपमालाने दोघींना नळाखाली धरलं. एक हळूच शंखात शिरली. दुसरी हललीच नाही.

जोडी फुटली. इतका राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता.

“चुकलं का व माह्यं काही?” आईचा चेहरा उतरला.

“नाही गं,” दीपमाला कशीबशी म्हणाली.

“तूबी किती सुकली माय. थांब, तुहीबी नजर काढते.”

आईने पुन्हा मिठाची मूठ भरली. मेलेली गोगलगाय तळहातात मिटून दीपमाला तिच्यासमोर उभी राहिली, जराही न हलता.