कोलशेतच्या तुळसाची मिशी

कोलशेतला असं सांगतात की तुळसाला मिशी आहे. खरीखुरी. नाटकात राजाचं सोंग घेऊन घेऊन ती उगवली, आणि आता वस्तऱ्यालाही दाद देत नाही, म्हणून बाई बारा महिने नाकापर्यंत पदर ओढून असते. थोडी घेतलेली माणसं तर शपथेवर सांगतात, ठाण्याचा न्हावी दर अमावास्येला होडीनं येऊन जातो.

खोटं आहे. तुळसाच्या ओठावर एक केस नाही. तिथे व्रण आहे, नाकाखालून उजव्या गालाकडे ओढत गेलेला. मी तो जवळून पाहिला आहे. माझे वडील तिथल्या मिठागरावर कारकून, आमची खोली तुळसाचा भाऊ राघो याच्या घराला लागून, आणि मी अख्ख्या गावाच्या नकला करतो. तुळसामावशीने मला पहिल्याच आठवड्यात पकडलं.

"माजी करून दाखव रे पोपटा."

मी केली. तोंडावर पंचा धरून, अर्धं नाकात, अर्धं घशात. ती हसली नाही.

"आवाज बरा हाय. पन पदर मी डाव्या हातानं धरते. तू उजव्यानं धरलास. तू मानसाला बघतच नाय, नुसता आयकतंस." आणि पदर खाली घेऊन म्हणाली, "घे, बघ एकदा नीट. मंग लोकांना काय सांगाचा ते सांग."

तिची आई आवडाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरी लग्न लावायचं ते धवलारणीनं. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, गावच्या देवांना आणि गेलेल्या आज्या-पणज्यांना नावानं हाका मारून मांडवात बोलावते, आणि ती गायल्याशिवाय नवरीला हळदही लागत नाही. तुळसा आईच्या मागे मागे हे सगळं शिकली. तिचं स्वतःचं लग्नही झालं होतं, पण नवरा मिठाच्या गलबतावर गेला तो परत आलाच नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे दुसरीकडे चूल मांडली. कुंकू पुसावं की लावावं तेही तिला कुणी सांगेना.

अशात आवडाबाई तिला शहाडच्या एका लग्नात सोबत गायला घेऊन गेली. कल्याणला तेव्हा बायकांच्या नाटक मंडळीचा मुक्काम होता. सगळी सोंगं बायकाच करायच्या, राजाची, राक्षसाची, ऋषीची. मंडळीच्या मालकीणबाई विमलाबाई पाहुण्या म्हणून त्या लग्नाला आल्या होत्या. मावशीकडून उचललेली त्यांची नक्कल मला फार आवडते. अंबाड्यावर हात, प्रत्येक शब्दाला टेकू. "आवडाबाई, ही मुलगी, आम्हाला, द्या. हिच्या आवाजात, राजा, आहे."

आवडाबाईनं विचार केला आणि दिली. पळून गेली, कुणा साहेबानं नेली, असं जे गाव म्हणतं तेही खोटंच. आईनं स्वतः गाडीत बसवून दिलं, हातात सुक्या बोंबलांचं गाठोडं देऊन.

मग काय! उंचीला खांब, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. बकरीच्या केसांची मिशी राळेनं चिकटवून तुळसा तलवार उपसायची, तेव्हा कल्याणची शहाणी शहाणी माणसं जागेवर उठून उभी राहायची. ठाण्याला, पनवेलला, भिवंडीला, जिथे जातील तिथे आधी विचारणा व्हायची, "मिशीवाली आहे ना?"

कल्याणलाच ते झालं. एका बड्या घरच्या मुलानं मित्रांशी पैज लावली, हा राजा बाई नाहीच, बुवा आहे. खेळ ऐन रंगात असताना तो रंगमंचावर चढला आणि त्यानं मिशी धरून हिसकली. राळ पक्की होती. मिशीबरोबर कातडी आली. तुळसा म्हणते, लोक आधी हसले, मग रक्त दिसलं, मग पुन्हा हसले, कारण त्यांना वाटलं हेही नाटकातलंच.

जखम भरली, पण त्या जागी राळ लावली की आग व्हायची. विमलाबाईंनी राजाचं सोंग दुसरीला दिलं. त्या दुसरीला गाता येत नव्हतं. "मग तू, पडद्यामागून, गा." झालं. पुढची कितीतरी वर्षं तुळसा पडद्यामागे उभी राहून गायली. समोर जी असेल तिच्या आवाजात. घोगरी असेल तर घोगरं, किनरी असेल तर किनरं. टाळ्या पुढे, तुळसा मागे. आई गेली तेव्हाही ती पडद्यामागेच होती. आईचा निरोप आला तो एवढाच: राघोच्या शकूच्या लग्नात धवले तू म्हण.

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, नाटकं बंद झाली, मंडळी फुटली. तुळसा कोलशेतला परतली. भावानं घरात घेतलं. गावानं घेतलं नाही.

शकूचं लग्न ठरलं तेव्हा काळुराम पाटील ओटीवर येऊन बसले. पाटलांचं बोलणं शिंकेत गुंडाळून येतं, ते लिहून दाखवता येत नाही, ही माझी मोठी अडचण आहे.

"राघो, तुजी भन मांडवात गायची नाय. जिनं तोंडाला मिशी लावली, हजार लोकांत पुरुष म्हनून नाचली, तिची हाक देव आयकतील का? उद्या सोयरे बोलतील, लगीनच लागला नाय. मंग पोरीला घेऊन बसतंस घरात?"

तुळसा दारातून म्हणाली, "पाटील, आयसनं सांगलंय मना."

"आयस गेली. मी हाय."

खाडीपलीकडच्या काल्हेरची गोदूबाई धवलारीण ठरली. म्हातारी, नाकात गाणारी, ओळ संपली की दम लागून 'हँ' करणारी. तुळसाला मांडवामागे भात शिजवायची परवानगी मिळाली. सात गावांत जिचा आवाज गाजला ती भाचीच्या लग्नात पळी घेऊन बसणार होती. त्या आठवड्यात मी तिला हसवायला पाटलांची शिंक काढली, विमलाबाईंचा अंबाडा काढला. ती नुसती म्हणाली, "जा रे."

आता पाटलांची चूक सांगतो. पाटलांना मोठ्या लोकांसारखं करायचं होतं. म्हणून ते मुहूर्त काढायला कल्याणच्या एका जोशीबुवांकडे गेले. जोशीबुवांनी पंचांग पाहिलं, ग्रह पाहिले. खाडी कशाला पाहतील? ज्या गावात भरती-ओहोटी बघितल्याशिवाय मिठागरात पाणी घ्यायची मोरी कुणी उघडत नाही, त्या गावानं मान डोलावून मुहूर्त घेतला, भर ओहोटीचा.

व्हायचं तेच झालं. सगळे मांडवात, शकू पाटावर, हळद वाटीत, आणि गोदूबाईची होडी खाडीच्या मध्यावर चिखलात रुतलेली. सगळ्यांना दिसत होती! म्हातारी होडीत उभी राहून हातवारे करत होती. चालत यावं तर कमरेपर्यंत गाळ.

सोयऱ्यांकडचे धाकू मामा, नवऱ्याचे मामा, मिशा चावत उठले. "आमी काय भरतीचा पानी चरायची वाट बघाची? मुहूर्त गेला तर आमी पन जाव. पोर ठेवा तुमची."

शकूनं पाटावरूनच मागे वळून पाहिलं. रडत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

राघो धावत मांडवामागे आला. तुळसानं पळी खाली ठेवली.

"दादा, त्यांना सांग, वारा खाडीवरून येतोय. गोदूबाय होरीतूनच गाते म्हनावं."

"इतक्या लांबून? येरी झालीस का तू?"

"तू सांग तरी."

राघो गेला. मांडवाची खाडीकडची अर्धी बाजू उघडी होती, अर्धी नारळाच्या विणलेल्या झापांनी बंद केलेली होती. तुळसा त्या झापांमागे जाऊन उभी राहिली, अगदी पडद्यामागे उभी राहायची तशी, एक हात कानाशी. मला समजलं आणि मला राहवेना.

"मावशी, शेवटपर्यंत जमायचं नाही तुला. आवाज जमेल, गप्प राहणं जमायचं नाही. शेवटच्या धवल्याला तू झाप बाजूला करून बाहेर येशील आणि सांगशील, मी गायले. लाव पैज."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धं पाऊल मागे सरलो. "पैजेनंच माजा तोंड गेला रे." मग म्हणाली, "हरलास तर?"

"तर शिमग्यापर्यंत कुणाची नक्कल करणार नाही."

"आनि जिंकलास तर ती मिशी तुजी. पेटीत हाय अजून."

मग ती गायली. मी शपथेवर सांगतो, झापांमागे तुळसा नव्हतीच. नाकातला तो बारीक सूर, ओळीच्या शेवटी तो 'हँ', मधेच कफ अडकल्यासारखी खरखर, आणि आवाज असा दाबलेला की तो वाऱ्यावरून वाहत येतोय असंच वाटावं. मांडवातल्या सगळ्या माना होडीकडे वळल्या. तिकडे गोदूबाई होडीवाल्याला शिव्या घालत दोन्ही हात नाचवत होती, आणि इकडून ती गातेय असंच दिसत होतं!

"काय छाती हाय म्हातारीची!" धाकू मामा म्हणाले आणि खाली बसले.

खाडीच्या देवाला हाक गेली, शिवेवरच्या देवाला गेली. मग गेलेल्या माणसांची नावं. त्यात आवडाबाईचं नाव आलं. तिथे 'हँ' थोडा लांबला. तेवढाच. हळद लागली, अक्षता पडल्या, आणि शेवटचा धवला सुरू झाला. मी झापाच्या कडेला टक लावून उभा. आता येते. आता येते बाहेर.

धवला संपला. पाटलांनी जोरात शिंक दिली आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आवाज असावा तर असा! देवाच्या कानावर गेला. नायतर ती आमची मिशीवाली!"

मांडव हसला.

झापावर तुळसाची बोटं दिसली मला. झाप हलला. मग बोटं निघून गेली. मी मागे गेलो तेव्हा ती भाताखालची लाकडं ओढत होती, पदर डाव्या हातात, आणि डोळ्यांना धूर लागलेला. निदान ती म्हणाली, धूर.

भरती आली, होडी सुटली, गोदूबाई चिखलानं माखून मांडवात पोचली. पाटलांनी तिला मानाचं लुगडं दिलं. म्हातारीनं एकदा लुगड्याकडे पाहिलं, एकदा लोकांच्या तोंडांकडे, आणि हळूच मांडवामागे आली.

"तुलसे, लोक बोलतान, दुसऱ्या धवल्याला मी लय दम खाल्ला. मी इतका दम नाय खात."

"खातेस, काकी."

म्हातारी हसली, लुगडं तिच्या मांडीवर टाकलं आणि निघून गेली. बोलली कुणाजवळ नाही. बोलली असती तर शकूचं लग्न त्याच दिवशी मोडलं असतं.

आता शकूचा पोरगा बांधावर पळतो. सोयऱ्यांना सगळं कळलं आहे आणि धाकू मामा तर म्हणतात, त्यांना तेव्हाच कळलं होतं. मावशीनंच मला लिहायची मोकळीक दिली, "मिशीचा खरा काय ते लिव," एवढ्या अटीवर.

पण त्या दिवशी हे काहीच नव्हतं. पंगत उठल्यावर गावची पोरं मला घेरून बसली, "पाटलांची शिंक काढ, काढ ना!" शिंक माझ्या नाकात तयार होती. ती मिशीवालीची ओळसुद्धा, जशीच्या तशी. मी छाती भरून श्वास घेतला, आणि समोर तुळसामावशी घागर घेऊन उभी होती. तिनं नुसतं एक बोट पदरावरून, ओठ असतात तिथे, ठेवलं.

शिंक मी गिळली. शिमगा फार लांब होता.