चहा खाण्यात धरत नाहीत

आमचं गाव माण तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात. दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन कराडच्या बाजूला उतरायचे, ते मृगापर्यंत. उसाच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि शेतकरी देईल त्या धान्यावर चूल पेटवायची. शाळेला सुट्टी असली की मीही तळावर जायची. कधी धान्य मिळायचं, कधी नाही. नाही मिळालं की आई शेळीचं दूध काढून गुळाचा चहा करायची, आम्हा भावंडांना वाटी वाटी द्यायची आणि शेजारच्या तळावरच्या बाईला सांगायची, "सकाळधरनं उपाशी हायती पोरं." ती खोटं बोलत नव्हती. आमच्यात चहा खाण्यात धरत नाहीत. दिवसभर नुसत्या चहावर राहिलेला माणूस उपाशीच.

एवढं सगळं मला ठाऊक होतं, हे आधी सांगून ठेवते. पुढं जे झालं, ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही.

सांगलीकडे डॉक्टरकीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी मेसमध्ये "थोडा"च्या ऐवजी "वाईच भात वाढा" म्हणाले. पुढं कितीतरी दिवस मुली एकमेकींना वाईच भात आणि वाईच डाळ वाढत राहिल्या. त्यात वाईट हेतू नसावा, पण मी धसका घेतला. बोलणं धुऊन काढलं. मनगटावर लहानपणी गोंदलेले तीन ठिपके आहेत, त्यांच्यावर ॲप्रनची बाही ओढून घ्यायची सवय लागली. उन्हाळ्यातसुद्धा.

इंटर्नशिपमध्ये भूल विभागात काम लागलं, तेव्हा ऑपरेशनच्या रुग्णांना आदल्या संध्याकाळी भेटून सूचना द्यायच्या आणि सकाळी पुन्हा विचारून कागद भरायचा, हे माझ्याकडे आलं. दमा आहे का, दात हलतो का, कवळी आहे का, आधी कधी भूल घेतली आहे का. आणि शेवटी, पोट रिकामं आहे का.

पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनला एक मावशी आल्या होत्या. आईच्याच वयाच्या, तसंच लुगडं, हातावर कोपरापर्यंत गोंदण. खाटेवरून त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बाय, तू आमच्याकडलीच दिसतीस. कुणाची गं?"

"नाही. मी पुण्याची," मी म्हणाले.

"आसंल," एवढंच त्या म्हणाल्या.

घाईघाईनं मी सांगितलं, रात्री दहानंतर काहीही सेवन करायचं नाही. सेवन हा शब्द आमच्या घरात कुणी जन्मात उच्चारला नसेल. सकाळी जाऊन विचारलं, काही खाल्लं नाही ना? न्हाई, त्या म्हणाल्या. मी कागदावर खूण केली आणि निघाले. आणखी दोन मिनिटं उभी राहिले असते तर त्यांनी गावाचं विचारलं असतं, म्हणून निघाले.

ऑपरेशनच्या टेबलावर त्यांना घेतलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, सुई टोचली. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमची एक पद्धत होती. कागदावर काहीही लिहिलेलं असो, औषध देण्याआधी त्या रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः विचारायच्या.

"मावशी, सकाळपासून पोटात काय काय गेलं? चहा घेतला?"

"घेतला की. लेकीनं आणला हुता, शेळीच्या दुधाचा. त्यो काय खाण्यात हाय व्हय?"

मॅडमनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "चहाचं विचारलं होतं का तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत मावशीच बोलल्या. "इच्यारलं हुतं तिनं. म्याच खोटं बोलले. च्याबिगार दम निघंना."

आणि मी गप्प राहिले. अजून आठवलं की कान तापतात.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारवर गेलं. मॅडमनी आम्हाला बाहेर समजावलं, की भूल दिली की गळ्याची राखण झोपते. पोटातलं वर आलं तर अडवायला कुणी नसतं, ते सरळ फुप्फुसात जातं. साधं पाणी दोन तासांत पोटातून सरकतं, दुधाच्या चहाला सहा तास धरायचे. "आज मावशी बोलल्या म्हणून वाचल्या," मॅडम म्हणाल्या. मला ऐकू येत होतं ते एवढंच, की माझ्यामुळे त्यांचा जीव गेला असता.

शिक्षा तर मावशींनाच झाली. पोटातली कळ आणखी आठवडाभर सोसायची. लेक शेजाऱ्यांच्या भरवशावर मेंढरं सोडून आली होती, तिला परत जाणं भाग पडलं. वॉर्डात त्या एकट्या राहिल्या. मी दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमना खरं सांगितलं, चहाचं विचारलंच नव्हतं हेही आणि मी कुठली तेही. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्या घरी चहाला काय म्हणतात?" "च्या," मी म्हणाले, "आणि तो खाण्यात धरत नाहीत." मग म्हणाल्या, मंगळवारी त्यांना तुम्हीच विचारायचं, आणि घरी बोलता तसं.

त्याच दुपारी मी खाटेजवळ जाऊन बसले. बाही वर केली.

"मावशी, मी पुण्याची न्हाई. माणची हाय. मेंढरातली."

"ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "हात झाकून कुणी पुण्याचं हुतं व्हय?"

"मग माझ्यासाठी खोटं का बोलला?"

"आपल्यातली एक पोर कवा न्हाई ती हितवर आली. म्या कशाला खाली वडू तिला?"

त्यांना वाटत होतं तिथवर मी अजून आलेच नव्हते.

मंगळवारी सकाळी एकेक करून विचारलं. च्या? ताक? गुळाचा खडा? मिश्री लावली का? शेवटी त्या वैतागल्या. "आगं, थुकीबी गिळायला भ्याले मी." मॅडमनी भूल दिली, मी डोक्याशी उभी राहिले. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताच त्यांनी चहा मागितला आणि अजून द्यायचा नाही, हे मला सांगावं लागलं.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मी भूलशास्त्रात एमडी केलं. आता साताऱ्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि प्रत्येक रुग्णाला चहाचं वेगळं विचारते.